पायथन: मेथडला दोन आर्ग्युमेंटं दिली, तो म्हणतो तीन दिली

साखळीवाला · सोमवार, रात्री ९:४०

मामाचं साखळीला पूजासामानाचं दुकान आहे. चवथ (गणेश चतुर्थी) जवळ आली की माटोळीच्या, म्हणजे गणपतीच्या वर टांगतात त्या फळापानांच्या चौकटीच्या, सामानाच्या ऑर्डरी सुरू होतात. तोरिंग, चिबूड, नारळ, सुपारीचे घड, कोणाचं काय ते वहीत शोधताना रोज भांडण. चुलतभावाने गेल्या वर्षी पायथनमध्ये प्रोग्राम करून दिला होता. आता तो पुण्याला नोकरीला गेला आणि नेमका चवथीच्या तोंडावर फोन उचलत नाही. मामा म्हणतो, तू बारावीला कॉम्प्युटर घेतला होतास ना, मग बघ.

फंक्शनं मला येतात. क्लासचं प्रकरण झेपत नाही. त्याच्या क्लासात मी एक मेथड (क्लासातलं फंक्शन) वाढवली:

    क्लास ऑर्डर:
        डेफ __इनिट__(सेल्फ, घर):
            सेल्फ.घर = घर
            सेल्फ.यादी = []

        डेफ जोड(वस्तू, नग):
            यादी.अपेंड((वस्तू, नग))

    ऑ = ऑर्डर("वरचा वाडा")
    ऑ.जोड("तोरिंग", ४)

एरर असा: टाइपएरर, ऑर्डर.जोड() टेक्स २ पोझिशनल आर्ग्युमेंट्स बट ३ वेअर गिव्हन. मोजून दोन आर्ग्युमेंटं (कंसात देतो त्या किमती) दिली आहेत. तिसरं कुठून आलं?

(मोबाइलवर मराठी कीबोर्ड आहे म्हणून कोडही देवनागरीत टाकलाय. समजून घ्या.)

वाळपईकर · सोमवार, रात्री ९:५२

सेल्फ विसरलास.

फोंड्याचा_मास्तर · सोमवार, रात्री १०:१५

वाळपईकरांनी दोन शब्दांत उरकलं, पण तेवढ्याने याच्या डोक्यातला गोंधळ जाणार नाही.

टिंबाच्या डावीकडे जी वस्तू असते, तीच पहिलं आर्ग्युमेंट म्हणून आपोआप आत जाते. तू लिहिलंस

    ऑ.जोड("तोरिंग", ४)

पायथनने वाचलं

    ऑर्डर.जोड(ऑ, "तोरिंग", ४)

हे नुसतं समजुतीसाठी सांगत नाही. दुसरी ओळ जशीच्या तशी टाइप कर, तीही चालते. तिसरं आर्ग्युमेंट म्हणजे तुझी ऑर्डरच. ती घ्यायला मेथडच्या यादीत पहिली जागा रिकामी ठेवायची. त्या जागेला सगळे सेल्फ म्हणतात, पण तो पायथनचा राखीव शब्द नाही. तिथे 'ही' लिहिलंस तरी चालेल, फक्त पुढे तुझा प्रोग्राम वाचणारा तुला शिव्या घालील.

दुरुस्त करताना एवढ्यावर थांबू नकोस. आतली ओळही बदल:

        डेफ जोड(सेल्फ, वस्तू, नग):
            सेल्फ.यादी.अपेंड((वस्तू, नग))

नुसतं 'यादी' लिहिलंस तर नेमएरर येईल. मेथडच्या आत असलो म्हणून ऑर्डरीच्या गोष्टी आपोआप दिसत नाहीत, दरवेळी सेल्फ आणि टिंब लावावंच लागतं.

देवनागरी कोडाचं म्हणशील तर पायथन ३ मध्ये नावं देवनागरीत ठेवायला काहीच हरकत नाही. क्लास, डेफ, सेल्फ, रिटर्न वगैरे रोमनात कर आणि कोडातले आकडे इंग्रजी टाक, कारण तिथे मराठी ४ लिहिलास तर सिंटॅक्सएरर येतो. बाकी 'ऑर्डर', 'जोड', 'नग' तसेच ठेव.

पर्वरीची_आयटीवाली · सोमवार, रात्री १०:३१

मी दिवसभर जावा लिहिते. तिथे 'धिस' (पायथनच्या सेल्फसारखाच) आतल्या आत मिळतो, प्रत्येक मेथडच्या पाटीवर लिहीत बसावं लागत नाही. पायथनचा हा हट्ट मला कधीच पटला नाही. नवीन मुलांपैकी निम्मी इथेच अडखळतात.

फोंड्याचा_मास्तर · सोमवार, रात्री १०:५८

ही पद्धत मॉड्युला-३ या प्रोग्रामिंगच्या भाषेवरून घेतली असं पायथनचे कर्तेच सांगतात. अडखळतात हे खरं, पण त्यात एक सरळपणाही आहे. क्लासातली मेथड हे साधं फंक्शनच असतं. ते वस्तूमार्फत मागितलं की पायथन त्या फंक्शनला वस्तू जोडून देतो, त्याला बाउंड मेथड म्हणतात. 'ऑ.जोड' कंसाशिवाय छापून बघा, बाउंड मेथड असं येईल. 'ऑर्डर.जोड' छापलंत तर नुसतं फंक्शन. पायथन २ मध्ये तिथेही 'अनबाउंड मेथड' नावाचं एक भूत होतं, ते ३ मध्ये काढून टाकलं.

बाउंड मेथडच्या आत दोन्ही गोष्टी पाहता येतात: __सेल्फ__ मध्ये ऑर्डर, __फंक__ मध्ये मूळ फंक्शन. लपवलेलं काही नाही. जावात एवढं उघडं करून बघायला मिळत नाही.

पर्वरीची_आयटीवाली · सोमवार, रात्री ११:०४

बघायला मिळतं हे मान्य. रोज लिहायला लागतं हे दुखणं कायम.

साखळीवाला · मंगळवार, दुपारी १:२०

मास्तर, चाललं. देव बरें करूं.

पुढचं. दर दरवेळी टाकायचा कंटाळा येतो. भावाने क्लासात वरतीच दरपत्रक ठेवलंय. म्हणून मी केलं:

        डेफ जोड(सेल्फ, वस्तू, नग, दर=सेल्फ.दरपत्रक[वस्तू]):

नेमएरर: सेल्फ माहीत नाही म्हणतो. काल तर सेल्फ लिहा म्हणालात!

वाळपईकर · मंगळवार, दुपारी १:४५

डेफची ओळ एकदाच चालते, क्लास तयार होताना. बरोबरच्या चिन्हापुढे जे लिहिशील त्याचा हिशेब त्याच क्षणी होतो. त्या वेळी ऑर्डर एकही जन्मलेली नाही आणि वस्तूही कोणी दिलेली नाही. सेल्फ कुठून आणणार?

        डेफ जोड(सेल्फ, वस्तू, नग, दर=नन):
            इफ दर इज नन:
                दर = सेल्फ.दरपत्रक[वस्तू]
            सेल्फ.यादी.अपेंड((वस्तू, नग, दर))

'दर = दर ऑर सेल्फ.दरपत्रक[वस्तू]' असं एका ओळीत उरकायचा मोह होईल. करू नको. तुमच्याकडे गिऱ्हाइकाला दूर्वा फुकट देत असतील तर तो दर ० पाठवशील, आणि पायथनच्या लेखी ० म्हणजे खोटं. मग दूर्वांचे पैसे बिलात लागतील आणि मामा गिऱ्हाइकाच्या शिव्या खाईल.

शुक्रवारचा_बाजार · मंगळवार, दुपारी २:१०

डिफॉल्टचा (आर्ग्युमेंट दिलं नाही तर धरायच्या किमतीचा) विषय निघालाच आहे तर भावाच्या __इनिट__ मध्ये कुठे 'यादी=[]' असं आर्ग्युमेंटात लिहिलेलं नाही ना, ते तपासून घे. मी म्हापशाला एका दुकानाचा असाच प्रोग्राम बघितला होता. ती रिकामी यादीही डेफ चालताना एकदाच तयार होते. मग ज्या ज्या ऑर्डरीला यादी दिली नाही, त्या सगळ्यांना तीच एक यादी मिळते. पहिल्या घराचे चिबूड दुसऱ्याच्या बिलात, दोघांचे मिळून तिसऱ्याच्या. सकाळी दुकान उघडल्यावर पहिलं बिल बरोबर येतं म्हणून कोणाला संशयही येत नाही.

साखळीवाला · मंगळवार, संध्याकाळी ७:०५

तसं नव्हतं, पण त्याचा भाऊ शोभेल असं एक सापडलं. नेहमीच्या गिऱ्हाइकांसाठी ठरलेली माटोळी आहे:

    ठरलेली = ["तोरिंग", "चिबूड", "नारळ", "सुपारीचा घड"]
    अ = ऑर्डर("वरचा वाडा", ठरलेली)
    ब = ऑर्डर("खालचा वाडा", ठरलेली)

आत 'सेल्फ.यादी = यादी'. इथे डिफॉल्ट नाहीच, मी स्वतः यादी देतोय. तरीही 'अ' मध्ये केळीचा घड वाढवला की 'ब' मध्येही वाढतो. असं का?

फोंड्याचा_मास्तर · मंगळवार, रात्री ८:४०

रोग तोच, वाट वेगळी. हे नीट समजून घे, कारण आर्ग्युमेंट देणं म्हणजे काय ते इथेच कळतं.

मेथडला आर्ग्युमेंट दिलं की पायथन त्याची प्रत काढत नाही. आतल्या नावाला तीच वस्तू चिकटते. 'ठरलेली' हे एक नाव, आत 'यादी' हे दुसरं, 'अ.यादी' तिसरं, 'ब.यादी' चौथं. चारही नावांची यादी एकच. एका घराने माटोळी उतरवून दुसऱ्याच्या घरात तीच टांगली आणि दोघंही आपापली म्हणून फळं बांधत बसली, तसं चाललंय.

मग आकड्यांना असं का होत नाही? कारण आकडा बदलता येत नाही. आत 'नग = नग + १' केलंस तर 'नग' हे नाव नव्या आकड्याला चिकटतं, बाहेरचं नाव होतं तिथेच राहतं. यादीला अपेंड केलं की यादीच बदलते, तिला कोण कोण कुठल्या नावाने ओळखतं याच्याशी तिला देणंघेणं नाही. त्यामुळे 'पायथन आकडे किमतीने देतो आणि याद्या संदर्भाने देतो' असं क्लासेसमध्ये शिकवतात ते चूक आहे. देण्याची पद्धत दोन्हीकडे एकच.

उपाय एका शब्दाचा: 'सेल्फ.यादी = लिस्ट(यादी)'. नवी यादी होते, आत तीच नावं. तुझ्या यादीत साधे शब्द आहेत म्हणून एवढं पुरे. यादीच्या पोटात आणखी याद्या असत्या तर आतल्या याद्या तरीही सामाईकच राहिल्या असत्या, तेव्हा कॉपी मॉड्यूलमधलं डीपकॉपी लागतं.

माझं मत विचारशील तर बाहेरून आलेली यादी स्वतःजवळ ठेवून घेणाऱ्या प्रत्येक मेथडने आधी तिची प्रत करावी. थोडा वेळ जास्त लागतो, चवथीच्या ऑर्डरींना त्याने काही फरक पडत नाही.

पर्वरीची_आयटीवाली · मंगळवार, रात्री ९:१५

मास्तर, हे जावातही असंच होतं, फक्त आमच्याकडे मुलाखतीत विचारतात आणि मग सगळे विसरतात.

साखळीवाला, तुझ्या जोडमध्ये मला वेगळीच भीती वाटते. नग आणि दर दोन्ही आकडे, शेजारी शेजारी. कोणी 'जोड("नारळ", ४०, ५)' असं उलटं लिहिलं तर? नग गुणिले दर तेवढेच येतात. बिल बरोबर! चूक कळणार कधी, तर संध्याकाळी साठा मोजताना पाच नारळ गेले त्याजागी चाळीस दिसतील तेव्हा. आणि तेव्हा मामा पोरावर संशय घेणार.

यासाठी पायथनमध्ये एक झकास सोय आहे, जावात नाही (बघा, मी कौतुकही करते):

        डेफ जोड(सेल्फ, वस्तू, *, नग, दर=नन):

मधली चांदणी म्हणजे तिच्यापुढची आर्ग्युमेंटं नाव घेऊनच द्यायची. 'ऑ.जोड("नारळ", नग=५, दर=४०)'. नुसतं ५, ४० लिहिलं की लगेच टाइपएरर. पायथन ३ पासून हे आहे. त्याच्या उलट, नाव न घेताच द्यायची आर्ग्युमेंटं तिरक्या रेघेने सांगता येतात, ती सोय ३.८ मध्ये, म्हणजे २०१९ ला आली. तुला तिची गरज नाही.

वाळपईकर · मंगळवार, रात्री ९:२२

बिल बरोबर आणि साठा चूक. हे मला सुचलं नसतं. मस्त.

साखळीवाला · बुधवार, सकाळी ११:३०

चांदणी लावली. लावल्याबरोबर भावाच्या जुन्या कोडात एरर आले, त्यातल्या एका ठिकाणी खरंच उलटं होतं. आयटीवाली ताई, तुम्हाला चवथीला नेवऱ्या नक्की.

आता मोठं काम. लोक ऑर्डर व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात: 'वरचा वाडा, तोरिंग ४, सुपारीचा घड १, नारळ ५'. या ओळीवरून ऑर्डर तयार करणारी मेथड कुठे लिहू? ऑर्डर अजून झालेलीच नाही, मग टिंबाच्या डावीकडे काय ठेवू?

फोंड्याचा_मास्तर · बुधवार, दुपारी १२:५०

प्रश्न बरोबर जागी विचारलास. डावीकडे क्लासच ठेव.

        @क्लासमेथड
        डेफ ओळीवरून(सीएलएस, ओळ):
            घर, *बाकी = ओळ.स्प्लिट(",")
            ऑ = सीएलएस(घर.स्ट्रिप())
            फॉर तुकडा इन बाकी:
                वस्तू, नग = तुकडा.स्ट्रिप().आरस्प्लिट(मॅक्सस्प्लिट=१)
                ऑ.जोड(वस्तू, नग=इंट(नग))
            रिटर्न ऑ

    ऑ = ऑर्डर.ओळीवरून(संदेश)

डोक्यावर @क्लासमेथड असलं की पहिल्या जागेवर वस्तू येत नाही, क्लास येतो. त्या जागेला रिवाजाने सीएलएस म्हणतात. हे तू नकळत वापरलेलंही असशील, डेटटाइमचं फ्रॉमटाइमस्टँप किंवा डिक्टचं फ्रॉमकीज याच जातीचं. आरस्प्लिट उजवीकडून एकदाच तोडतो, म्हणून 'सुपारीचा घड' अखंड राहतो.

आणि एक गंमत. इंटला मराठी आकडे कळतात. गिऱ्हाइकाने '४' असा देवनागरीत पाठवला तरी इंट त्याचा चार करतो. कोडात लिहिला तर चालत नाही, मजकुरातून आला तर चालतो.

साधी मेथड अशी क्लासवरून थेट बोलावलीस, म्हणजे 'ऑर्डर.जोड("नारळ", नग=५)', तर आता उलटा एरर येईल: मिसिंग १ रिक्वायर्ड पोझिशनल आर्ग्युमेंट. "नारळ" सेल्फच्या जागी जाऊन बसला आणि वस्तू कमी पडली. परवा एक जास्त होतं, आज एक कमी. हे दोन एरर ज्याला नुसते वाचून कळले त्याला अर्धा विषय आला.

साखळीवाला · बुधवार, दुपारी ३:१५

मध्ये लाईट गेली होती. तुमची मेथड उतरवली, पण 'ओळ' च्या ऐवजी मी 'व्हॉट्सअ‍ॅप_ओळ' असं नाव दिलं आणि सिंटॅक्सएरर: इन्व्हॅलिड नॉन-प्रिंटेबल कॅरेक्टर यू+२००डी. हे काय नवीन?

शुक्रवारचा_बाजार · बुधवार, दुपारी ३:४०

तुझा कीबोर्ड 'अ‍ॅ' लिहिताना अ आणि अर्धचंद्राच्या मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह घालतो. पायथनला नावात काना-मात्रा-वेलांटी सगळं चालतं, ते जोडचिन्ह चालत नाही. काही कीबोर्ड 'ऱ्या' लिहितानाही तेच घुसवतात. नावात ही अक्षरं टाळ. अवतरणचिन्हांतल्या मजकुरात काही बिघडत नाही, पण दरपत्रकात आणि संदेशात एकच शब्द दोन तऱ्हांनी टाइप झाला तर कीएरर येईल आणि डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतील.

साखळीवाला · बुधवार, संध्याकाळी ६:३०

'ओळ' केलं, झालं. भावाने घरपोच_ऑर्डर म्हणून ऑर्डरवरून दुसरा क्लास काढलाय, त्याला भाडं द्यावं लागतं. नार्व्याच्या फेरीने दिवाडीला सामान जातं ते. त्यावर ओळीवरून बोलावलं तर भाडं नाही म्हणून ओरडतो.

पर्वरीची_आयटीवाली · बुधवार, रात्री ८:००

ओरडतो म्हणजे चांगलंच आहे. 'घरपोच_ऑर्डर.ओळीवरून' म्हटलंस की सीएलएस म्हणजे घरपोच_ऑर्डर होतो. मास्तरांनी आत 'ऑर्डर(...)' न लिहिता 'सीएलएस(...)' लिहिलं ते याचसाठी. नाहीतर गुपचूप साधी ऑर्डर झाली असती आणि भाडं बुडालं असतं. आता जास्तीची आर्ग्युमेंटं आरपार जाऊ दे:

        डेफ ओळीवरून(सीएलएस, ओळ, **इतर):
            ...
            ऑ = सीएलएस(घर.स्ट्रिप(), **इतर)

    घरपोच_ऑर्डर.ओळीवरून(संदेश, भाडं=५०)

दोन चांदण्या नाव घेऊन दिलेलं सगळं गोळा करतात आणि पुढे तसंच सोडतात. मात्र ही सवय सगळीकडे लावू नको. जिथे तिथे **इतर असलं की मेथडला नक्की काय हवं ते तिच्या पाटीवरून कळेनासं होतं.

वाळपईकर · बुधवार, रात्री ८:२०

आणि @स्टॅटिकमेथड? तिला सेल्फही नको, सीएलएसही नको.

फोंड्याचा_मास्तर · बुधवार, रात्री ८:४५

मग तिला क्लासही कशाला हवा? बाहेर साधं फंक्शन लिहावं. माझ्या हातून फारसा वापर होत नाही.

शुक्रवारचा_बाजार · बुधवार, रात्री ८:५१

असहमत. रुपये-पैसे नीट छापायचं फंक्शन फक्त ऑर्डरीलाच लागत असेल तर ते ऑर्डरीतच शोभतं, आणि उपक्लासाला ते बदलूनही घेता येतं. पण यावर धागा लांबवत नाही.

साखळीवाला · गुरुवार, रात्री ९:१०

मामाला बटणं हवीत. टीके-इंटरमध्ये (पायथनमधलं खिडक्या-बटणं करायचं मॉड्यूल) प्रत्येक वस्तूचं बटण केलं:

    फॉर व इन ठरलेली:
        बटन(चौकट, टेक्स्ट=व, कमांड=ऑ.जोड(व, नग=१)).पॅक()

खिडकी उघडताच सगळ्या वस्तू आपोआप ऑर्डरीत, आणि मग बटण दाबलं तर काहीच नाही.

वाळपईकर · गुरुवार, रात्री ९:२५

कंस लावलास म्हणजे तिथल्या तिथे बोलावलंस. बटणाला निकाल मिळाला, मेथड नाही. 'कमांड=लॅम्डा: ऑ.जोड(व, नग=१)' कर, लॅम्डा म्हणजे बिननावाचं छोटं फंक्शन.

साखळीवाला · गुरुवार, रात्री ९:४०

केलं. आता कुठलंही बटण दाबलं तरी सुपारीचा घडच जातो.

फोंड्याचा_मास्तर · गुरुवार, रात्री १०:०५

वाळपईकर, अर्धा उपाय सांगितलात. लॅम्डा 'व' ची किंमत तयार होताना घेत नाही, बटण दाबल्यावर बघतो. तोवर फेरा संपलेला, 'व' शेवटच्या वस्तूवर थांबलेला.

फंकटूल्समधून पार्शल घे:

    कमांड=पार्शल(ऑ.जोड, व, नग=१)

ऑ.जोड बाउंड मेथड आहे, सेल्फ तिच्यात आधीच बसलाय. पार्शल त्यावर 'व' आणि नगही आत्ताच बसवतो. 'लॅम्डा व=व: ...' असं लिहिलंस तरी चालतं, कारण डिफॉल्टचा हिशेब तयार होतानाच होतो. परवा ज्या नियमाने दराच्या वेळी नेमएरर आला होता, तोच नियम इथे कामाला येतो.

साखळीवाला · शुक्रवार, सकाळी १०:१५

पार्शलने झालं. मामाने स्वतः बटणं दाबून पहिली ऑर्डर घेतली. आता बिल छापायचं तर त्या छोट्या पावतीच्या प्रिंटरवर मराठीच्या जागी चौकोन येतात.

शुक्रवारचा_बाजार · शुक्रवार, सकाळी १०:३०

त्यातले बरेचसे प्रिंटर देवनागरी अक्षरं स्वतः जाणतच नाहीत. बिलाचं चित्र करून पाठवावं लागतं. नवा धागा काढ, आणि प्रिंटरचं मॉडेल लिही.